रविवारची साबुदाणा खिचडी, बुधवारचं पिठलं: पाण्याच्या या चुका टाळा

साबुदाण्याची खिचडी चिकट झाली की दोष कढईला दिला जातो, नाहीतर दुकानदाराला. खरी चूक बहुतेक वेळा आदल्या रात्री, भिजवतानाच झालेली असते. रविवारची उशिराची न्याहारी असो की कामावरून आल्यावर पटकन केलेलं रात्रीचं जेवण, आपले हे साधे पदार्थ मसाल्यामुळे क्वचितच फसतात. फसतात ते पाण्याच्या अंदाजामुळे, आणि तो अंदाज शिकता येतो.

साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा जवळजवळ निव्वळ स्टार्च. दाण्यांना त्याचीच बारीक पूड लागलेली असते. ती धुतली गेली नाही, तर कढईत तिची खळ होते आणि दाणे एकमेकांना चिकटतात. म्हणून पाणी बऱ्यापैकी नितळ दिसेपर्यंत हलक्या हाताने धुवा, चोळू नका. मग दाणे जेमतेम बुडतील एवढंच पाणी ठेवून चार-पाच तास किंवा रात्रभर झाकून ठेवा. पातेलंभर पाण्यात साबुदाणा बुडवून झोपायला जाणं ही सगळ्यात मोठी चूक. सकाळी एक दाणा चिमटीत दाबून बघा. तो पूर्ण चुरडला पाहिजे. मधे कणी लागली तर पाण्याचा हबका मारून अर्धा तास झाकून ठेवा. तळाशी पाणी साचलं असेल तर चाळणीत निथळा आणि सुती पंचावर पसरा.

शेंगदाण्याच्या कुटाचा संबंधही पाण्याशीच आहे. ते साबुदाण्यावरचा ओलावा शोषून दाणे सुटे ठेवतं. वाटीभर कोरड्या साबुदाण्याला अर्धी वाटी जाडसर कूट हे माझं प्रमाण. कूट, मीठ आणि थोडी साखर कढईत टाकण्याआधीच भिजलेल्या साबुदाण्यात मिसळा. मिक्सर सलग फिरवलात तर शेंगदाण्याला तेल सुटून त्याचा गोळा होतो, तेव्हा थांबून थांबून फिरवा. तूप-जिरं-मिरचीच्या फोडणीत बटाटा आधी शिजू द्या, मगच साबुदाणा घाला. झाकण दोन मिनिटंच, कारण जास्त वेळ राहिलं तर झाकणाचं पाणी खिचडीत टपकतं. दाणे पारदर्शक दिसू लागले की गॅस बंद करा. त्यापुढे परतत राहिलं की खिचडी गार झाल्यावर वातड होते, आणि मग लिंबू पिळूनही उपयोग नसतो.

थालीपीठ उचलताना तुटतं, त्यालाही अनेकदा कांदा कारण असतो. मीठ लागलेल्या कांद्याला पाणी सुटतं, त्यामुळे अर्धा तास ठेवलेलं पीठ सैल पडतं. कांदा थापायच्या वेळेलाच मिसळा. भाजणी कोमट पाण्यात भिजवली की गोळा चांगला धरतो. पहिलं थालीपीठ गार तव्यावर थापता येतं, दुसऱ्यासाठी ओलं फडकं वापरा. गरम तव्यावर थापून बोटं भाजून घेऊ नका. भोकं पाडून त्यात तेल सोडा, झाकण ठेवा, आच मध्यम. खालची बाजू खरपूस होऊन कडा सुटेपर्यंत उलथनं लावू नका.

आता पिठलं. उकळत्या पाण्यात कोरडं बेसन टाकलं की गुठळ्या होणारच: वरचं पीठ क्षणात शिजून चिकट होतं आणि आतलं कोरडंच अडकतं. बेसन आधी गार पाण्यात किंवा ताकात कालवा. वाटीभर बेसनाला एकूण तीन वाट्या पाणी धरा आणि कालवलेलं पीठ फोडणीत ओतल्यावर हात थांबवू नका. गुठळ्या झाल्याच, तर गॅस बारीक करून रवीने घुसळा. घट्ट झालं म्हणजे शिजलं, असं मात्र समजू नका. झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सात मिनिटं वाफ दिली नाही, तर बेसनाचा कच्चा वास जात नाही. पिठलं ताटात येईपर्यंत आणखी आळतं, तेव्हा किंचित पातळ असतानाच उतरवा. घट्टच हवं असेल तर सरळ झुणका करावा, पिठलं आटवत बसू नये.

मुगाच्या डाळीची खिचडी यातली सगळ्यात सोपी. तांदूळ-डाळ मिळून एक वाटी असेल तर मऊ खिचडीला चार वाट्या पाणी. कुकर उघडल्यावर ती घट्ट वाटली तर आधणाचं पाणी घालून एक उकळी काढा. गार पाणी ओतलं की खिचडी एका बाजूला आणि पाणी दुसऱ्या बाजूला राहतं.