बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ: चार खडकाळ ग्रह मुलांसोबत मैदानात कसे मांडायचे

एक मिलिमीटर म्हणजे हजार किलोमीटर. हे एकच माप मुलांना सांगायचं आणि शेवटपर्यंत सोडायचं नाही. पुस्तकातल्या चित्रात गोळे एका मापाने आणि अंतरं भलत्याच मापाने काढलेली असतात, कारण पानात मावणारच नाही ना, पण त्यामुळे मुलांच्या डोक्यात असं पक्कं बसतं की सूर्याला खेटून चार ग्रह ओळीत उभे आहेत. ते काढायचं तर मैदानातच जायला हवं.

सामान फार नाही. रंगीत क्ले, मोजपट्टी, मोठी टेप, सुतळी, खडू आणि चार पुठ्ठे. जागा मात्र साधारण २३० मीटर सरळ लागते, तेवढी नसेल तर एक मिलिमीटरला दोन हजार किलोमीटर धरा, पण मग गोळे आणि अंतरं दोन्ही निम्मी करायची, नुसती अंतरं कमी केली तर सगळी मेहनत वाया.

आधी गोळे करा

बुधाचा व्यास ४,८७९ किमी, म्हणजे ५ मिमीचा गोळा. शुक्र १२,१०४ म्हणजे १२ मिमी, पृथ्वी १२,७५६ म्हणजे १३ मिमीला किंचित कमी, मंगळ ६,७९२ म्हणजे ७ मिमी. हा हिशोब मुलांनाच करू द्या, हजाराने भागून जवळचा पूर्ण आकडा घेतला की झालं. बुध राखाडी, पृथ्वी निळी, मंगळ गंजाच्या रंगाचा, आणि तो खरंच गंजच आहे, तिथल्या धुळीत लोखंडाचं ऑक्साइड आहे. शुक्र फिकट पिवळसर पांढरा करा. चित्रांत तो भडक नारिंगी दिसतो ते बऱ्याचदा रडारने केलेले नकाशे असतात, रंग नंतर भरलेला असतो, खरा शुक्र ढगांनी पूर्ण झाकलेला आहे.

बुधावर टाचणीने विवरं पाडा, त्याचं कॅलोरिस नावाचं विवर १,५०० किमीपेक्षा रुंद आहे, म्हणजे या ५ मिमीच्या गोळ्यावर दीड मिमी! मंगळावर डोंगर लावायला मुलं उत्सुक असतात, तेव्हा त्यांना सांगा की तिथला ऑलिम्पस मॉन्स साधारण २२ किमी उंच असूनही आपल्या मापात केसाच्या जाडीइतकासुद्धा येत नाही.

मग सूर्य

सूर्य १३.९ लाख किमी रुंद, म्हणजे १ मीटर ३९ सेंमी. ७० सेंमी सुतळीला खडू बांधून भिंतीवर गोल काढा आणि आत रंग भरा. हातातला बुध त्याच्यासमोर धरला की मुलं एकदम गप्प होतात.

आता चाला

भिंतीपासून ५८ मीटरवर बुध, १०८ वर शुक्र, १५० वर पृथ्वी, २२८ वर मंगळ. प्रत्येक गोळा पुठ्ठ्यावर चिकटवून एकेका मुलाच्या हातात द्या. पृथ्वीपाशी थांबून मागे बघा, भिंतीवरचा सूर्य आकाशातल्या सूर्याएवढाच दिसतो, कारण माप दोन्हीकडे एकच आहे (खऱ्या सूर्याकडे बघायचं नाही, हे आधीच दोनदा बजावा). बुधापाशी उभं राहिलं तर तोच अडीचपट रुंद.

येताना प्रकाशाच्या वेगाने चालायचं. खरंच जमतं, प्रकाश सेकंदाला तीन लाख किमी जातो, आपल्या मापात ३० सेंमी, म्हणजे एका सेकंदाला पाय-पाय टाकत एक छोटं पाऊल. भिंतीपासून पृथ्वीपर्यंत तसं चालायला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात. मुलं मध्येच कंटाळतात, तरी एकदा तरी पूर्ण करून घ्या, मला या सगळ्यात हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो.

प्रत्येक ग्रहापाशी एक प्रश्न

सगळ्यात गरम कोण? उत्तर हमखास बुध येतं, तो सूर्याजवळ म्हणून. पण बुधाला हवा नाहीच म्हटलं तरी चालेल, त्यामुळे दिवसा ४३० अंश आणि रात्री उणे १८०, आलेली उष्णता धरून ठेवायला काहीच नाही. शुक्रावर कार्बन डायऑक्साइडची जाड दुलई आहे, उष्णता आत येते पण सहज बाहेर पडत नाही, म्हणून तिथे रात्रंदिवस साधारण ४६५ अंश, शिसं वितळेल इतकं. हवेचा दाब पृथ्वीच्या सुमारे ९० पट. १९८२ मध्ये तिथे उतरलेलं व्हेनेरा १३ यान दोन तासांच्या वर टिकलं आणि तेवढ्यासाठीसुद्धा त्याचं कौतुक होतं.

बुधाचं वर्ष ८८ दिवसांचं, पण एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत १७६ दिवस, म्हणजे तिथल्या एका दिवसात दोन वाढदिवस. शुक्र उलटा फिरतो, तिथे सूर्य पश्चिमेला उगवेल. मंगळाचा दिवस मात्र आपल्यासारखाच, जवळपास २४ तास ४० मिनिटांचा.

शेवटी ओळ मोडा

हे विसरू नका, नाहीतर नवीन चूक डोक्यात बसेल. ग्रह असे ओळीत उभे नसतात, प्रत्येक जण आपापल्या कक्षेत आपापल्या वेगाने फिरतो. मंगळवाल्या मुलाला सूर्याच्या पलीकडे पाठवायची कल्पना करा, पृथ्वीपासूनचं अंतर ७८ मीटरवरून ३७८ मीटरवर जातं. म्हणूनच मंगळाकडे यान पाठवायची चांगली वेळ साधारण २६ महिन्यांनी एकदाच येते.

आणि कोणीतरी विचारणारच की गुरू कुठे ठेवायचा. तो खडकाळ नाही, वायूचा आहे, गोळा १४ सेंमीचा आणि जागा भिंतीपासून ७७८ मीटरवर, तिकडे बोट दाखवा.