आईच्या आठवणी वासावरून कशा उतरवून घ्याव्यात

माझी आई 84 वर्षांची आहे. "लहानपणाचं काही सांग ना" म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर, "काय सांगायचं? गरिबी होती." पण गेल्या श्रावणात मी पातोळे उकडायला ठेवले, मोदकपात्राचं झाकण उचललं आणि हळदीच्या पानांचा वास घरभर गेला. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. डोळे भरलेले. बराच वेळ काही बोलेना. मग म्हणाली, "पडवीत काळोख होता गो. सारवण वाळलं नव्हतं, पायाला गार लागत होतं." ते घर तिच्या सहाव्या वर्षी पडलं. म्हणजे ही आठवण त्याआधीची.

तेव्हापासून दर रविवारी मी वही घेऊन तिच्याजवळ बसते. दोन वह्या भरल्या. तुम्हालाही करता येईल.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे घाई होणार नाही. आपण पाहतो, ऐकतो, शिवतो ते सगळं मेंदूत थॅलॅमस नावाच्या नाक्यावरून पुढे जातं. वासाला तो नाका लागत नाही. नाकाच्या वर असलेल्या घ्राणकंदातून तो थेट अमिग्डालाकडे, म्हणजे भावनांशी जोडलेल्या भागाकडे, आणि हिप्पोकॅम्पसला, म्हणजे आठवणींशी जोडलेल्या भागाला, लागून असलेल्या भागाकडे जातो. आठवण काही एका कप्प्यात घडी घालून ठेवलेली नसते. रंग, आवाज, स्पर्श, भीती असं सगळं वेगवेगळ्या भागांत विखुरलेलं असतं आणि हिप्पोकॅम्पस त्याची मोट बांधतो. वासाने पहिल्यांदा गळा दाटतो. कशाने दाटला, ते शब्द मागून येतात. वासाने जागी झालेली आठवण बऱ्याचदा वयाच्या पहिल्या दहा वर्षांतली असते, नुसत्या शब्दांनी विचारलं तर मात्र माणूस तरुणपणातलं सांगतो.

वासाच्या वस्तू ठेवायला डब्या स्टीलच्या, घट्ट झाकणाच्या घ्या. प्लास्टिकला स्वतःचा वास असतो. मी शिकेकाई, आमसुलं, फणसाची साठं, चुलीतली राख, गोणपाटाचा तुकडा आणि डांबरगोळीसोबत ठेवलेलं जुनं लुगडं जमवलं. मातीची डबी करायची तर कोरडी माती ठेवा आणि ऐन वेळी पाणी शिंपडा. सकाळी बसा, फोडणी पडायच्या आत, आणि उदबत्ती लावू नका. एका बैठकीत दोनच डब्या; नाक फार लवकर सरावतं.

डबीत काय आहे ते सांगू नका. डोळे मिटायला सांगा, डबी नाकाजवळ धरा आणि गप्प बसा. हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड जातं. मग विचारा, "पोटात कसं वाटतंय?" "पायाखाली काय आहे?" "उजेड कुठून येतोय?"

उत्तर आपण सुचवायचं नाही. मी एकदा ही चूक केली. फणसाच्या साठांच्या वेळी विचारलं, "आजोबा होते ना गं तिथे?" आई "हो" म्हणाली, आणि त्यानंतर प्रत्येक वेळी त्या अंगणात आजोबा बसलेले असायचे. पुढे मामांनी सांगितलं की त्या वर्षी आजोबा मुंबईला गिरणीत होते, गणपतीपर्यंत आलेच नव्हते. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या 1974 च्या प्रयोगात गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवून काहींना "गाड्या धडकल्या तेव्हा" असं विचारलं, तर काहींना "चक्काचूर झाल्या तेव्हा" असं. आठवड्याने चक्काचूरवाल्या 50 पैकी 16 जणांना फुटलेली काच आठवली, दुसऱ्या 50 पैकी 7 जणांना. फिल्ममध्ये काच नव्हतीच. माझ्या एका "ना"ने आईच्या अंगणाचं तेच केलं, याची मला अजून रुखरुख आहे.

म्हणून पहिलं सांगणं जसंच्या तसं उतरवा, तिच्याच शब्दांत. तारीख, वास, आधी शरीराला काय झालं, मग काय दिसलं. पुढच्या वेळी वेगळं सांगितलं तर आधीचं खोडू नका, शेजारी लिहा. प्रत्येक वेळी आठवताना आठवण नव्याने घडते.

रॉकेलच्या वासाने आईचे हात गार पडले. मी झाकण लावलं, खिडकी उघडली आणि तिचा हात धरून बसले. कारण तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ती डबी पुन्हा काढली नाही.

वासच येत नसेल तर माणसावर चिडू नका. वयाने वास कमी होतो, अल्झायमरमध्ये तर फार लवकर जातो. हे नव्याने जाणवलं तर डॉक्टरांना सांगा. अशा वेळी जात्याचा खुंटा हातात द्या, ओवी म्हणा.

आता आईने स्वतःहून एक वास मागितलाय, भात झोडताना उडणाऱ्या तुसाचा. मामेभावाला सांगून ठेवलंय. मळणी झाली की तो मूठभर पेंढा नि तूस डबीत घालून पाठवेल. वहीचं ते पान मी कोरं सोडलंय.