शिंगराचा पहिला दिवस: या चुका टाळा

घोडीची वार तिच्या रक्तातली प्रतिपिंडं पोटातल्या शिंगरापर्यंत जाऊ देत नाही. त्यामुळे शिंगराचं सगळं संरक्षण पहिल्या चिकात असतं. त्याचं आतडं ही प्रतिपिंडं पहिले ६ ते ८ तास उत्तम शोषतं, पुढे कमी कमी, आणि २४ तासांनंतर जवळजवळ नाहीच.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘पितंय’ असं लांबून ठरवणं. शिंगरू कासेखाली तोंड घालतं, चुटचुट आवाजही येतो, पण सड तोंडात असेलच असं नाही. जवळ जाऊन बघा. तासाभरात ते उभं राहायला हवं, २ तासांत प्यायला, आणि ३ तासांत घोडीची वार पडायला हवी. प्यायलं नाही तर कास धुऊन चीक काढा आणि २५० मिलिलिटर बाटलीनं पाजा, दर तासाला. ४५ ते ५० किलोच्या शिंगराला एकूण १ ते दीड लिटर लागतो. पोनीच्या शिंगराला वजनाच्या मानानं कमी. चोखण्याचं बळ नसेल तर घशात ओतू नका, चीक फुफ्फुसात जातो. तिथे नळी घालणं डॉक्टरांचंच काम.

व्यायच्या आधी काही दिवस कास ठिबकत असेल तर ‘दूध भरपूर आहे’ म्हणून खूश होऊ नका. वाया जातोय तो चीकच. ब्रिक्स मीटरवर (चिकाचा कस मोजणारं छोटं यंत्र) २३ च्या वर असेल तो चांगला. २० च्या खाली असेल तर दुसऱ्या घोडीचा साठवलेला लागेल. तो उणे २० अंशांवर ठेवतात आणि कोमट पाण्यात वितळवतात, मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही. गाईचा चीक आपल्याकडे गोव्यात सहज मिळतो आणि काहीच नसण्यापेक्षा बरा. पण त्यातली प्रतिपिंडं शिंगराच्या रक्तात फार दिवस टिकत नाहीत आणि घोड्याच्या रोगांसाठी ती बनलेलीही नसतात.

१८ ते २४ तासांत शिंगराच्या रक्ताची आयजीजी तपासणी करा, म्हणजे रक्तात किती प्रतिपिंडं उतरली ते कळतं. डेसिलिटरला ८०० मिलिग्रॅमच्या वर हवं. ४०० च्या खाली असेल तर चीक पाजून उपयोग नाही, प्लाझ्मा (घोड्याच्या रक्तातला प्रतिपिंडं असलेला द्रव) द्यावा लागतो. तो कुठून आणायचा हे घोडी व्यायच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा.

नाळ कापू नका, आपोआप तुटू द्या. कडक आयोडीन बेंबी भाजतं, ०.५ टक्के क्लोरहेक्सिडिनमध्ये ती दिवसातून २-३ वेळा बुडवा, ३ दिवस.

आपल्याकडचा खरा वैरी पावसाळी ओल. घोडी सुमारे ३४० दिवसांनी विते, म्हणजे ऑगस्टात लावली तर जुलैत, ऐन धारेत. शक्य तर ऑगस्टात लावणं टाळा. जमलं नाही तर कोरडा पेंढा जाड पसरा आणि ओला झाला की लगेच काढा. घोडीला विण्याच्या किमान महिनाभर आधी त्याच तबेल्यात आणा, म्हणजे तिथल्या जंतूंविरुद्धची प्रतिपिंडं तिच्या चिकात उतरतात. धनुर्वाताचा बूस्टर ४ ते ६ आठवडे आधी.

शिंगरू दूध कमी पिऊ लागलं, सांधा सुजला किंवा ताप ३८.९ सेल्सिअसच्या वर गेला, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवा.