‘का’ कुठे बसतो? आठवीला ‘डू’ आणि ‘डज’ शिकवताना

‘डज ही ड्रिंक्स टी?’ हे वाक्य मी इतक्यांदा खोडलंय की लाल पेनाची रिफिल त्यातच संपत असावी. मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे, म्हणजे आठवीतलं मूल सात वर्षं इंग्रजी शिकून आलेलं असतं. तरी हे. नियम पाठ करून घेतला, तोंडी परीक्षेत पुन्हा तेच. शेवटी मुलांच्या तोंडातला ‘का’ हाताशी धरला.

जुन्या वह्यांचे पुठ्ठे घ्या. शेवटच्या बाकावरून दिसेल एवढ्या अक्षरात ‘ही’, ‘ड्रिंक’, ‘टी’, ‘डू’ असे शब्द लिहा. ‘एस’चा पुठ्ठा वेगळा. पण आधी फळ्यावर मराठी क्रियापद मांडायला लावा: पितो, पिते, पितोस, पितेस, पिता, पितात. सहा रूपं. इंग्रजीत दोनच, ‘ड्रिंक’ आणि ‘ड्रिंक्स’. “एवढंच का बाई?” असं कुणीतरी म्हणतंच. निम्मी भीती तिथे उतरते.

आता तिघांना पुढे उभं करा. ‘ड्रिंक’वाल्या मुलीच्या दुसऱ्या हातात ‘एस’. झालं, तो चहा पितो. प्रश्न विचारायला मराठीत ‘का’ शेवटी येऊन बसतो. इंग्रजीत ते काम ‘डू’चं, पण हा रांगेत सर्वांत पुढे घुसतो आणि येताना ‘ड्रिंक’च्या हातातला ‘एस’ काढून घेतो. ती सोडत नाही, ओढाओढ होते, वर्ग हसतो. होऊ द्या. ‘एस’ एकच आहे हे त्यातच कळतं. स्पेलिंगमधला जास्तीचा ‘ई’ मागाहून सांगा. ३५ मिनिटांच्या तासात एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी ‘आहे’. “तो शेतकरी आहे का?” इथे ‘डू’ नको, ‘इज’च पुढे. हे सांगून मी खुशीत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरून आलं, “बाई, मग ‘तुला भाऊ आहे का’ म्हणजे ‘इज यू ब्रदर’?” पोरगा माझाच नियम पाळत होता, नियम तोकडा होता. तेव्हापासून ‘आहे’ दिसलं की माणसाला ‘ला’ किंवा ‘कडे’ चिकटलंय का, ते आधी बघायला सांगते. चिकटलं असेल तर ‘हॅव’ घ्यायचं आणि ‘डू’ला परत बोलवायचं: ‘डू यू हॅव अ ब्रदर?’ “तुला ताप आहे का”, “तुझ्याकडे पट्टी आहे का” अशी दहा वाक्यं तोंडी घ्या, वहीत लगेच नको. “तुला भूक लागली आहे का” मात्र त्या दिवशी टाळा. तिथे ‘आर यू हंग्री’ येतं आणि त्याला वेगळा तास लागतो.