हळदीत मायकोरायझा वापरताय? या चुका टाळा

मायकोरायझा टाकूनही हळदीत काहीच फरक दिसला नाही, असे सांगणारे बरेच जण भेटतात. अशा वेळी दोष बहुधा पुडीचा नसतो. ती ज्या मातीत आणि ज्या खतांसोबत पडली तिथे तो शोधावा लागतो.

मायकोरायझा ही एक उपयुक्त बुरशी आहे, ती हळदीच्या मुळात शिरून राहते. मुळ्या पोहोचत नाहीत तिथला स्फुरद (फॉस्फरस) आणि जस्त ती पिकाला आणून देते आणि पिकाकडून साखर घेते. या सहवासात मुळातल्या जास्मोनिक आम्लाचे, म्हणजे संरक्षणाची सूचना देणाऱ्या संप्रेरकाचे, प्रमाण वाढू शकते आणि पीक आपली संरक्षक द्रव्ये जास्त बनवू लागते. हळदीला पिवळा रंग देणारे कुरकुमिन आणि तुळशीतले सुगंधी तेल याच जातकुळीतले.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे लागवडीलाच डीएपी या स्फुरदयुक्त खताचा भरपूर डोस देणे. स्फुरद कमी पडला की मुळे स्ट्रिगोलॅक्टोन नावाचे द्रव्य मातीत सोडतात आणि त्या खुणेवर बुरशी मुळाकडे वळते. स्फुरद आयता मिळाला की ही खूणच थांबते. पीक हिरवेगार दिसते, पण मुळात बुरशी नावापुरतीच असते. म्हणून आधी माती परीक्षण करा. अहवालात स्फुरद भरपूर असेल तर मायकोरायझावर पैसे घालू नका, हे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक ट्रायकोडर्मा या रोग रोखणाऱ्या बुरशीच्या सवयीतून येते. ट्रायकोडर्मा शेणखतात वाढवता येतो. मायकोरायझाला मात्र जिवंत मूळच लागते. गूळपाण्याच्या ड्रममध्ये तो आठवडाभर ठेवला तरी वाढत नाही. तो वरून फेकूनही भागत नाही, मुळाला लागेल असा बेण्याखालीच पडायला हवा.

बेणेप्रक्रियेला कार्बेन्डाझिम वापरले असेल तर त्याच दिवशी मायकोरायझा लावू नका. हे बुरशीनाशक बेण्यात भिनते आणि ही बुरशीही त्याच्या तडाख्यात सापडते. कंदकुजीचा धोका असलेल्या रानात बेणेप्रक्रिया टाळा असे मी म्हणणार नाही, मात्र मायकोरायझा नंतर, मुळ्या फुटू लागल्यावर बुडाशी द्या.

आधीचे पीकही बघा. कोबी, फ्लॉवर, मोहरी, पालक यांच्या मुळांशी ही बुरशी जवळजवळ नाते जोडत नाही, त्यामुळे त्यांच्यामागून आलेल्या हळदीला मातीत आधीपासून असलेली ही बुरशी कमीच मिळते. ताग किंवा मका घेतला तर ती टिकते. रोटावेटर वारंवार फिरवल्यानेही तिचे जाळे तुटते.

मुळात बुरशी बसली की नाही, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी मुळे रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात. शक्य असेल तर कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विचारा. कुरकुमिनही तपासूनच ठरवा, आणि शेजारी मायकोरायझा न दिलेला एक वाफा राखा. तुलना एकाच जातीची करा, कारण कुरकुमिनचा मोठा भाग जातीवरच ठरतो. शिवाय हळद जास्त शिजवली किंवा कडक उन्हात फार दिवस वाळवली तर शेतात कमावलेले कुरकुमिन काढणीनंतर घटते.