एसीचा कुबट वास सकाळीच पकडायचा

आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा किंवा रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा ट्रेड करून जी मुलं कारच्या एसीच्या कामाला लागतात, त्यांना कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, कूलिंग कॉइल हे सगळं ठाऊक असतं. गेज लावून प्रेशर वाचता येतं. त्यामुळे ते इथे सांगत बसत नाही. पण पाऊस सुरू झाला की कोकणातल्या गॅरेजवर जी तक्रार रोज येते, तिच्यापुढे गेज काही कामाचं नाही. "गार करतो हो, पण लावला की कुबट वास येतो." मे महिन्यात गिऱ्हाईक गारव्यासाठी येतं, जून लागला की वासासाठी. नव्या पोराचा धीर याच तक्रारीत सुटतो, कारण वासाला आकडा नसतो.

मी ज्या गॅरेजात शिकलो तिथली शिकवण एवढीच होती: फोम (कॉइल धुवायचा फेसाचा स्प्रे) मार, फिल्टर बदल, गाडी दे. दहा-पंधरा दिवसांत गाडी परत यायची आणि गिऱ्हाईकाचं बोलणं हेल्परने ऐकून घ्यायचं. ते बोलणं अजून कानात आहे, म्हणून हे लिहितोय.

वास येतो कुठून, ते आधी पक्कं करा. चालू एसीत कूलिंग कॉइल शून्याच्या थोडी वर, दोन-पाच अंशांवर असते. दमट हवा तिच्यावरून गेली की पाणी सुटतं, खालच्या ट्रेमध्ये जमतं आणि ड्रेन पाइपातून रस्त्यावर ठिबकतं. कॉइलच्या पात्यांवर धूळ, परागकण, कापसाचे तंतू चिकटलेले असतात. काळोख, ओल आणि हे खाद्य मिळालं की बॅक्टेरिया आणि बुरशीचा चिकट थर धरतो. तो थर ओला असेपर्यंत जगतो. पाणी निघून गेलं आणि कॉइल सुकली तर त्याची वाढ थांबते. म्हणून हे काम मुळात पाण्याचं आहे. पाणी कुठे अडतंय ते सापडलं नाही, तर कितीही महागडा फोम मारा, वास परत येणारच.

आता यातला सापळा. वास तपासायची वेळ चुकते, आणि वेळ चुकली की पुढचं सगळं चुकतं. गिऱ्हाईक दुपारी येतं. अर्धा-पाऊण तास एसी लावून आलेलं असतं. तुम्ही दार उघडून आत डोकं घालता, वास नाही. का नाही? कॉइल त्या वेळी पूर्ण गार आणि पूर्ण ओली असते, वरून पाणी वाहत असतं, त्या अवस्थेत थरातून वास कमीच सुटतो. कॉम्प्रेसर बंद झाला, कॉइल गरम व्हायला लागली, पाणी उडू लागलं, की तो सुटतो. म्हणून गिऱ्हाईकाला तो सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिल्या मिनिटात येतो, नाहीतर सिग्नलला कॉम्प्रेसर कट झाला की येतो. तुम्हाला दुपारी येत नाही. मग तुम्ही म्हणता, "साहेब, वास तर नाही." इथे भरवसा गेला.

सापळ्याचा दुसरा जबडा काम झाल्यावर बंद होतो. फोमला स्वतःचा सुगंध असतो. तो काही दिवस टिकतो आणि खालचा वास झाकून टाकतो. गाडी देताना सगळे खूश. सुगंध उडाला की गाडी परत दारात. तपासताना वास नव्हता, देताना वास नव्हता, म्हणजे काम झालं की नाही हे एकदाही कळलेलं नाही.

म्हणून गाडी रात्रभर ठेवून घ्या. संध्याकाळी वीस मिनिटं एसी चालवा, कॉइल ओली असतानाच एकदम बंद करा, काचा लावून ठेवा. सकाळी इंजिन सुरू करायच्या आधी चावी ऑन करून फक्त ब्लोअर दोन नंबरवर लावा, एसीचं बटन बंद, हवा तोंडावर. पहिलं अर्धं मिनिट नाकाने काम करा. आधी रिसर्क्युलेशनवर (गाडीतलीच हवा फिरते ते), मग बाहेरच्या हवेवर या. बाहेरच्या हवेवर वास वाढला तर वायपरखालच्या जाळीत पाला कुजलाय का बघा. तिथली पाणी जायची भोकं तुंबली की ओल ब्लोअरपर्यंत पोहोचते. रिसर्क्युलेशनवरच जास्त येत असेल तर गाडीच्या आतच काहीतरी ओलं आहे. दोन्हीकडे सारखा असेल तर कॉइल. हे सगळं दोन मिनिटांत उरका, कारण नाक त्या वासाला लगेच सरावतं. बाहेर या, मोकळी हवा घ्या, पुन्हा बसा. तंबाखू, गुटखा आणि अंगावरचं अत्तर या कामाच्या दिवशी बंद. मी हे पोरांना कडक शब्दांत सांगतो आणि त्यात सूट देत नाही.

पहिल्या पावसाळ्यात सगळे वास सारखेच वाटतात, त्याने घाबरू नका. ओल्या मोज्यांसारखा आंबूस वास कॉइलचा. गोडसर वास आणि काचेवर आतून तेलकट थर म्हणजे हीटर कोअरमधून, म्हणजे हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून, कूलंट गळतंय. सडका आणि दिवसागणिक वाढणारा म्हणजे ब्लोअरमध्ये उंदीर मेलाय. पेट्रोलचा वास आला तर एसीचा विषय तिथेच सोडा, गाडी चालू करू नका आणि गळती शोधा.

तपासणी झाली की सगळ्यात आधी गाडीखाली. जुलैत रत्नागिरीत पंधरा मिनिटं एसी चालवूनही खाली थेंब पडत नसेल तर ड्रेन तुंबलाय. नागपूरच्या कोरड्या एप्रिलमध्ये मात्र थेंब कमीच पडतात, तिथे तेवढ्यावरून निदान करू नका. पाइपात चिखल असतो, पाला असतो, कधी कुंभारमाशीचं घर असतं. मऊ नळीने खालून साफ करा. टोकदार तार आत खुपसली तर कॉइलला भोक पडून गॅस जाईल. गॅरेजातल्या हवेच्या कॉम्प्रेसरची जोरकस हवा मारली तर पाइप आतल्या तोंडावरून निसटतो आणि पाणी थेट कार्पेटवर येतं. ही दोन्ही नुकसानं भरून द्यायला लागतात.

ड्रेन मोकळा झाल्यावरच फोम. तुंबलेल्या ड्रेनमधून फोम मारला तर तो गाडीत येतो. इंजिन आणि ब्लोअर बंद ठेवा, फिल्टर काढून ठेवा, नळी कॉइलच्या अंगाला पोहोचवा, ब्लोअरच्या मोटरवर आणि तिचा वेग ठरवणाऱ्या रेझिस्टरवर फोम जाऊ देऊ नका. डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण द्या. पाणी खाली गळून गेलं की काचा उघड्या ठेवून, एसी बंद करून, हीटर फुल आणि ब्लोअर फुल, कॉइल कोरडी होईपर्यंत. नवा फिल्टर सगळ्यात शेवटी, हवेचा बाण बघून. काही जुन्या छोट्या गाड्यांत फिल्टरच नसतो, तिथे नसलेल्या फिल्टरचे पैसे लावणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्याकडे काम शिकू नका.

शॉर्टकट म्हणून घरच्या एसीचं तीव्र केमिकल कॉइलवर ओतणारे भेटतील. अ‍ॅल्युमिनियमची पाती पातळ असतात, अ‍ॅसिड आणि कॉस्टिक दोन्ही ती खातात. काही महिन्यांत कॉइल गळते. मग डॅशबोर्ड खोलायचा, बॅटरीची निगेटिव्ह काढून एअरबॅगचा करंट उतरू द्यायचा, गॅस मशीनमध्ये ओढून घ्यायचा. तो हवेत सोडायचा नाही: आर-१३४ए हा एसीतला गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट हवा तापवतो. आणि ब्लीच कुठल्याही अ‍ॅसिडवाल्या क्लीनरमध्ये मिसळू नका. त्यातून क्लोरीन सुटतो आणि बंद गाडीत तो जीव घेऊ शकतो.

व्हेंटवर लटकवायच्या सुगंधी बाटलीबद्दल माझं मत ठाम आहे: गाडी कामाला घेताना ती काढून गिऱ्हाईकाच्या हातात द्यावी. तिच्यामुळे निदान होत नाही. आठ-पंधरा दिवसांच्या कोर्सबद्दलही असंच. तिथे गॅस भरायला शिकवतात, वास कोणी शिकवत नाही. मिस्त्री निवडताना पगाराआधी एवढंच बघा, की पोराला तो आधी गाडीखाली पाठवतो की आधी फोमचा डबा हातात देतो. पहिल्याकडे हजार रुपये कमी मिळाले तरी थांबा. कमी बोलणारा असला तरी चालेल.

कॉइल स्वच्छ, ड्रेन मोकळा, तरी वास आहे, असं होतं. तेव्हा खचू नका, कार्पेट उचला. वरून कोरडं लागतं, खालचा नमदा पाण्याने भिजलेला असतो. आपल्याकडे तो बहुतेक डाव्या बाजूला सापडतो, कारण कॉइलचं बॉक्स तिकडे असतं. सीट काढून नमदा उन्हात पूर्ण वाळवल्याशिवाय परत टाकू नका. पुरात बुडून गेलेली गाडी असेल, जशा २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर आमच्याकडे बऱ्याच आल्या, तर निव्वळ एसीचं काम घेऊच नका. सीटचा फोम, नमदा, वायरिंगचे सॉकेट सगळं धरून अंदाज द्या. न परवडणारं असेल तर गिऱ्हाईकाला तेही सांगा. दम्याचा रुग्ण त्या गाडीत बसणार असेल तर विशेष करून.

गाडी देताना गिऱ्हाईकाला शेजारी बसवून दाखवा: मुक्काम यायच्या पाच मिनिटं आधी एसीचं बटन बंद करायचं, ब्लोअर चालू ठेवायचा, हवा बाहेरची घ्यायची, म्हणजे कॉइल सुकते. दर पावसाळ्याआधी वायपरखालचा पाला काढायचा. तोंडी सांगितलेलं लोक विसरतात. बिलाच्या मागे लिहून द्या.