स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीसाठी लाकडी ताट-वाटी कशी घडवावी

स्मृतिभ्रंशात विस्मरणाच्या जोडीने पाहण्यातही फरक पडतो आणि तो जेवणाच्या वेळी विशेष जाणवतो. डोळे तपासणीत ठीक निघाले तरी वस्तूची कड, तिची खोली आणि जवळजवळच्या दोन रंगांतील भेद मेंदूला नीट ओळखता येत नाही. त्यामुळे पांढऱ्या ताटातला भात किंवा ट्यूबलाइटखाली चकाकणाऱ्या स्टीलच्या ताटातली पोळी समोर असूनही दिसत नाही, आणि आजोबांची अन्नावरची वासनाच उडाली असे घरच्यांना वाटू लागते. बोस्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या, मोजक्या रुग्णांवरील अभ्यासात अल्झायमर (स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार) बळावलेल्या व्यक्तींना पांढऱ्याऐवजी ठळक लाल भांडी दिली, तेव्हा त्यांचे खाणे सुमारे २५ टक्क्यांनी आणि पिणे सुमारे ८४ टक्क्यांनी वाढले.

लाकडाची पहिली अडचण इथेच आहे. लाकूड चकाकत नाही, स्टीलसारखे खणखणत नाही आणि हाताला गार लागत नाही, हे सारे गुण खरे. पण त्याचा तपकिरी रंग आपल्या पोळीचा, उसळीचा आणि आमटीचाही आहे. म्हणून लाकूड निवडण्याआधी घरात आठवडाभर काय शिजते ते पाहावे. मराठी घरात भात, वरण, पोळी, दहीभात असे फिके पदार्थ थेट ताटात येतात आणि आमटी, उसळ असे गडद पदार्थ वाटीत जातात. त्यामुळे ताट गडद शिसवीचे आणि वाटी फिकट शिवणीच्या लाकडाची, ही जोडी मला सर्वांत सोयीची वाटते. शिवाय गडद ताटात ठेवलेली फिकट वाटी आपोआप उठून दिसते. दही मात्र या वाटीत देऊ नये, ते भातात कालवून ताटातच वाढावे. खात्री करायची असेल तर लाकडाच्या तुकड्यावर प्रत्यक्ष अन्न ठेवून मोबाइलवर फोटो काढावा आणि तो कृष्णधवल करून पाहावा. त्यात अन्न वेगळे दिसले नाही, तर ते ताटातही दिसणार नाही.

लाकूड घेताना मुंबईतल्या रे रोडच्या लाकडाच्या वखारीत स्वतः जाऊन फळी निवडावी. शिसवीची फळी नेहमी उठावदार रेषांवरून पसंत केली जाते; येथे नेमके उलट करावे आणि शक्य तितकी एकसारख्या रंगाची, गाठ नसलेली फळी घ्यावी. ताटाच्या मध्यभागी काळी गाठ असली की काही व्यक्ती ती डाग किंवा किडा समजून नखाने खरवडत बसतात आणि घास तसाच राहतो. मुंबईत पाडलेल्या चाळींचे जुने सागवानी वासे स्वस्तात मिळतात आणि सुताराला त्यांचा मोह होतो, परंतु त्यांवर शिशाचा जुना रंग किंवा वाळवीचे औषध मुरलेले असू शकते, म्हणून जेवणाच्या भांड्यासाठी ते वापरू नयेत. प्लायवूड आणि एमडीएफ (लाकडाचा भुसा चिकटद्रव्याने दाबून केलेली फळी) यांचा तर विचारच नको.

आराखडा काढण्यापूर्वी त्या व्यक्तीची दोन-तीन जेवणे शांतपणे पाहावीत. ती हाताने जेवते की चमच्याने, अन्न कोणत्या बाजूने सांडते, ताटाचा एखादा भाग न जेवताच उरतो का, हे पाहिल्याशिवाय काठाची उंची ठरवता येत नाही. चमच्याने खाणारा अन्न पुढे ढकलतो, तर हाताने जेवणारा भात बोटांनी स्वतःकडे ओढून अंगठ्याने गोळा करतो आणि शिते जवळच्या काठावरून मांडीवर पडतात. एकाच बाजूला उंच काठ असलेली ताटे बाजारात मिळतात, पण वाढणाऱ्याने ते फिरवून ठेवले की त्याचा उपयोग संपतो; म्हणून काठ सर्व बाजूंनी सारखाच, सुमारे तीन सेंटिमीटर उंच ठेवावा. त्याची आतली बाजू जवळजवळ उभी असावी आणि तळाशी मात्र बोट सहज फिरेल इतकी गोलाई द्यावी. व्यास २२ ते २५ सेंटिमीटर पुरतो. तेवढी रुंद फळी न मिळाल्यास ताट थोडे लहान करावे, पण दोन फळ्या चिकटवू नयेत, कारण रोजच्या गरम पाण्याने सांधा उघडतो. तळ एक सेंटिमीटर जाडीचा ठेवल्यास शिसवीचे ताट साधारण अर्धा किलोच्या पुढे भरते आणि हाताच्या धक्क्याने सहसा सरकत नाही.

लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातण्याच्या यंत्रावर, ताट आधी जाडसर कातून काही आठवडे सावलीत ठेवावे आणि नंतरच अंतिम माप द्यावे. मुंबईच्या दमट हवेत लाकूड पावसाळ्यात फुगते, हिवाळ्यात आवळते, आणि किंचित वाकलेले ताट टेबलावर डुगडुगू लागले की त्या व्यक्तीचा हात बिचकतो. यासाठी खालची बाजू मध्ये थोडी खोलगट कातावी, म्हणजे ताट कडेवर टेकेल. रबर चिकटवण्यापेक्षा खाली न घसरणारी, फिकट आणि बिननक्षीची मॅट अंथरावी.

ताटात कप्पे फार करू नयेत. एकदम पाच पदार्थ समोर आले की निवड करणे अवघड जाते, म्हणून एका वेळी एक किंवा दोनच पदार्थ वाढावेत. कप्पा करायचाच असेल तर कोशिंबिरीची जागा डावीकडे आणि भाजीची उजवीकडे ठेवावी, कारण जन्मभराची पान वाढण्याची पद्धत हाताच्या सवयीत उरलेली असते. मीठ आणि लिंबाची फोड ताटात मुळीच ठेवू नये; मीठ मूठभर तोंडात जाऊ शकते आणि फोड सालीबियांसकट.

चमचा आणि पेला लाकडाचे करण्याचा आग्रह धरू नये. चहाने लाकडी पेला तडकतो, आणि आजार वाढल्यावर काही जण चमचा दातांनी घट्ट चावतात, तेव्हा लाकडाची कपची तोंडात जाण्याचा धोका असतो. घरातल्याच स्टीलच्या चमच्याला अडीच-तीन सेंटिमीटर जाडीची लाकडी मूठ बसवली तर पकड सुधारते. घास गिळताना खोकला येत असेल किंवा ठसका लागत असेल तर तो प्रश्न भांड्याचा नाही. कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे, म्हणजे आजारी व्यक्तीला रोजची कामे शक्यतो स्वतः करता यावीत यासाठीच्या उपचारांचे, शिक्षण सुरू केले. अशा मोठ्या रुग्णालयांतील त्या विभागात जेवणाचा प्रश्न घेऊन जाता येते आणि तेथून गिळण्याच्या तपासणीची दिशा मिळते.

पॉलिश पेपर ८० नंबरपासून सुरू करून ३२० पर्यंत न्यावा. मध्ये एकदा ओल्या फडक्याने पुसून, वाळल्यावर उभे राहिलेले तंतू पुन्हा घासावेत. शिसवीचा भुसा काहींच्या त्वचेला आणि श्वासाला बाधतो, म्हणून मास्क लावावा आणि हे काम पेशंटच्या खोलीपासून दूर करावे. वार्निश, पॉलिश किंवा लाखेचा थर आतून देऊ नये, कारण गरम वरणाने लाख मऊ पडते. स्वयंपाकाचे तेल लाकडात खवट होते. औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन चार भाग आणि मधमाशीचे मेण एक भाग, गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवून लावावे आणि जादा पुसून घ्यावे. महिन्याने पुन्हा एक हात द्यावा, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी.

धुण्याबाबत घरातल्या सर्वांना, विशेषतः भांडी घासणाऱ्या ताईंना, आधीच सांगावे की हे ताट पाण्यात भिजत घालायचे नाही आणि तारेची घासणी लावायची नाही. स्पंजने लगेच धुऊन ते उभे ठेवून वाळवावे. फिकट वाटीवर पडलेला हळदीचा डाग उन्हात ठेवल्यास बराच उतरतो. बुरशीचा काळा ठिपका किंवा चीर दिसली तर मात्र भांडे वापरातून काढावे. अशा वेळी वेगळे दिसणारे ताट पुढे आले की पुन्हा गोंधळ होतो, म्हणून सुरुवातीलाच एका फळीतून दोन ताटे कातून घ्यावीत आणि ती आलटून पालटून वापरावीत.